गोमीची बैठक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. आपल्या मुलखात मिरची अजून यायची होती, एवढंच सांगतो. आता मिरचीवाचून माणसं जेवायची कशी, असं तोंड करून बघू नका. जेवायची, आणि चाटूनपुसून जेवायची. मिरी होती, त्रिफळं होती, रातांब्याची आंबट सालं होती, आणि खाली समुद्राकडून मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन माणसं घाट चढून यायची. त्यांना मध दिला की मीठ मिळायचं. भूक तर घरचीच होती.

तेव्हा सह्याद्रीच्या एका खोऱ्यात दगडखळी नावाचं गाव होतं. गाव कसलं, कुडाच्या झोपड्या, मधे एक थोराड उंबर, उंबरापासून थोड्या अंतरावर काळा कातळ, आणि खाली नदी. नदीच्या पल्याड आणखी एक गाव. त्या पल्याडच्या माणसांची नाकं फार तिखट होती, असं म्हणतात. हे नाकाचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दगडखळीची माणसं रानावर जगायची. ससा, भेकर, रानकोंबडा, मिळेल ते. पण रानडुक्कर पडलं की गावाचा सण. आधी पेटत्या गवताच्या पेंढ्यांनी त्याचे राठ केस जाळायचे, मग गारगोटीच्या धारेनं कातडी खरवडायची, पांढरी स्वच्छ होईपर्यंत. आतडी नदीवर नेऊन धुवायची. काळीज निखाऱ्यावर टाकायचं, ते पारध्यांचं. हाडं दगडानं फोडून आतला मगज काढायचा, तो पोरांचा. उरलेल्या मांसाचे लांब पट्टे कापून चुलीवरच्या धुरात टांगायचे, ते पावसाळ्याचे. कुत्र्यांनासुद्धा त्यांचा वाटा ठरलेला होता, आणि तो द्यायला उशीर झाला तर कुत्री स्वतः येऊन आठवण करायची. बाकी सगळं कातळाजवळच्या मोठ्या जाळावर, काठीला खोचून भाजायचं. बाहेरून कोळसा, आतून कच्चं, आणि मधे चामडं. पण त्यांना तेच माहीत होतं, तेच आवडायचं. दात होते ना!

आता गावाचे दोन कायदे सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

पहिला कायदा थोरल्याच्या घासाचा. गावात जो वयानं सगळ्यांत मोठा, त्यानं डुकराच्या खांद्याचा मुठीएवढा सबंध तुकडा सगळ्यांसमोर तोंडात घालायचा, चावायचा, गिळायचा आणि म्हणायचं, "झालं." तो "झालं" म्हणेपर्यंत गावातल्या कुणी मांसाला तोंड लावायचं नाही. तुकडा बारीक करायचा नाही. ठेचायचा नाही. थुंकला तर अख्खं जनावर वाया, कुणी खायचं नाही. असं का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणूनच तो कायदा मोडायची सोय नव्हती. आणि तो खांदा शिजायचा थोरल्याच्याच घरी, त्याच्याच घरच्यांच्या हातानं.

दुसरा कायदा पाहुण्याचा. ज्याच्या नाकाला वास लागला आणि जो वासाच्या मागं चालत आला, तो पाहुणा. त्याला नाही म्हणायचं नाही. आणि पाहुण्याला थोरल्याच्या घासाची अट नव्हती. त्यानं आल्या आल्या खायला बसायचं. जे समोर दिसेल ते मागायचं.

म्हणजे गाव तोंडाला पाणी सुटून बसलेलं, आणि पाहुणा मधे बसून मटामटा खातोय. आलं ना लक्षात?

त्या वेळी गावाचा थोरला होता ढवळूबाबा. तरुणपणी त्यानं तरसाला नुसत्या हातांनी नदीत बुडवलं होतं, असं म्हणतात. बाबा स्वतः तर वाघाला बुडवलं म्हणायचा. पण आता बाबाच्या तोंडात एक दात शिल्लक नव्हता. शेवटचा दात पडला त्या दिवशी त्यानं तो हातावर घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "जा बाबा. तू तरी सुटलास."

आणि बाबाची सून गोमी. तिचं माहेर पल्याडचं. बोलायला फटकळ, कामाला वाघीण, आणि एकदा मनात घेतलं की नदी उलटी वाहवील पण ऐकायची नाही. तिचा नवरा वाघू चांगला पारधी होता. रानात तो फार शूर होता. घरात गोमी बोलायची आणि तो हं म्हणायचा.

बाबाचे दात गेल्यानंतरच्या पहिल्या पारधीची गंमत ऐका. सकाळी बाबानं घास तोंडात घातला. चावतोय, चावतोय. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. अख्खं गाव त्याच्या गळ्याकडे टक लावून बसलं. गळा हलला की पोरं ओरडायची, "गेला! गेला!" बाबा मान हलवायचा. नुसती थुंकी गिळली होती. ऊन डोक्यावर आलं. बायका बसल्या जागी पेंगल्या. कुत्री कंटाळून उंदरामागं गेली. तेवढ्यात वासावर पल्याडची माणसं आली आणि गावाच्या डोळ्यांदेखत चरबीचे तुकडे बोटं चाटत खायला लागली. आणि बाबा आपला चावतोय. "झालं" म्हणाला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं, भाजलेलं मांस गार दगड झालं होतं, आणि बरंचसं नदीपार गेलं होतं.

दुसऱ्या पारधीलाही तेच. तिसऱ्यालाही तेच.

पारध्यांचा म्होरक्या होता केरू. हाडाचा वाईट नव्हता, पण भूक त्याला सोसायची नाही. तिसऱ्या वेळेला तो कातळावर उभा राहिला आणि म्हणाला, "आमी रानात जीव घालायचा, डोंगर तुडवायचे, आनि हितं येऊन बाबाच्या गळ्याकडं बघत बसायचं? पुढल्या पारधीला उंबराची सावली ह्या कातळाला टेकायच्या आत बाबाचा घास खाली गेला तर ठीक. न्हाई गेला, तर बाबा पितरांत."

पितरांत जाणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. गावाच्या वेशीवर पितरांचे धोंडे होते. त्या धोंड्यांत एक धोंडा आणखी उभा करायचा, त्याला बाबाचं नाव द्यायचं, आणि मग बाबा मेलेला. चालता-बोलता असला तरी मेलेला. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याला नावानं हाक मारायची नाही. त्याच्या वाट्याचं अन्न धोंड्यासमोर कावळ्यांना ठेवायचं.

बाबा म्हणाला, "कावळ्यांच्या आदी मी पोचलो तर?"

काहीजण हसले. पण केरू हसला नाही, आणि गोमी तर मुळीच हसली नाही.

त्या संध्याकाळी गोमी सरपण आणायला गेली तेव्हा तिला झोपडीमागं बाबा दिसला. तो दगडावर बसून चामड्याची जुनी वादी चघळत होता. चावायचा, मग गळा ताणून गिळायचा प्रयत्न करायचा, मग वादी बाहेर काढून बघायचा. पुन्हा तोंडात घालायचा. सराव चालला होता त्याचा. गोमीला आधी हसू आलं. मग ती सरपण न घेताच परत फिरली.

का, ते सांगतो. गोमी नवरी होऊन दगडखळीत आली तेव्हा अगदी कोवळी पोर होती. माहेर नदीच्या त्या काठाला दिसत होतं, म्हणून जास्तच रडू यायचं. काही केल्या खायची नाही. सासू थकली, वाघूनं तर बघूनच हाय खाल्ली. तेव्हा ढवळूबाबा नदीवरून खेकडे घेऊन आला, तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "पोरी, मला काय ह्या नांग्या फुटत न्हाईत. तू फोड, आपण दोगं खाऊ." तरसाला बुडवणारा माणूस, आणि खेकड्याची नांगी फुटेना! गोमीलाही कळलं होतं. पण तिनं फोडली. आधी त्याला एक, मग स्वतःला एक. असे रोज खेकडे. नदीतले खेकडे संपत आले तेव्हा कुठे ती नीट जेवायला लागली.

तर असा सासरा कावळ्यांच्या वाट्याचं खाणार आणि आपण बघत बसणार? गोमीनं मनात गाठ मारली. मांस असं शिजवायचं की दात लागताच कामा नयेत.

मग काय, तिनं सगळ्या तऱ्हा करून बघितल्या. रातांब्याच्या सालात भेकराचा तुकडा भिजत ठेवला. तो इतका आंबट झाला की बाबाचे डोळे मिटले ते संध्याकाळी उघडले. उंबराचा चीक चोळून ठेवला, तर सशाचं मांस रात्रीतून पेज झालं आणि कडू असं की कुत्र्यानं हुंगून पायाला पाय लावून पळ काढला. मडकी अजून गावात आली नव्हती, म्हणून ओल्या कातडीच्या पिशवीत पाणी घालून त्यात तापलेले दगड टाकले, म्हणजे पाणी उकळेल. पाणी उकळलं. पण पिशवीला भोक पडलं आणि उकळतं पाणी वाघूच्या पायावर आलं. वाघूनं त्या दिवशी पहिल्यांदा घरात हं सोडून दुसरं काही म्हटलं, असं म्हणतात. काय म्हटलं ते सांगण्यासारखं नाही.

आणि असं करता करता पारधीचा दिवस आला.

डुक्कर पडलं ते काय डुक्कर! चार माणसांनी वाशाला टांगून आणलं, आणि वासा वाकला. सकाळीच केस जाळले. धूर नदीवर गेला. गोमीच्या वाट्याला खांदा आला. तिनं पिशवीचा नाद अजून सोडला नव्हता. या वेळी भोक पडू नये म्हणून दुहेरी कातडी घेतली होती. अंगणातल्या खड्ड्यात तिनं मोठा जाळ केला, त्यात दगड टाकले आणि ते लालबुंद व्हायची वाट बघत बसली. मातीत पडू नये म्हणून खांदा रानकेळीच्या पानांवर ठेवला होता. त्यावर मीठ चोळलं, मिरी चोळली, त्रिफळं चुरडून टाकली. माश्या बसू नयेत म्हणून वर भांबुर्ड्याचा पाला पसरला. दगड लाल झाले. गोमी पिशवी उचलणार, तोच नदीकडून हाक आली.

"अक्काऽऽ! ए अक्का! डुक्कर पाडलंय म्हनं!"

तिचा धाकटा भाऊ हरबा! धाकटा म्हणजे वयानं. अंगानं दोन माणसांएवढा, भुकेनं चार माणसांएवढा. पल्याडच्या सगळ्या नाकांत हरबाचं नाक पहिलं. केस जळल्याचा वास लागला आणि स्वारी निघाली. आता बहिणीचं घर सोडून तो आधी कुठं जाणार? आणि येऊन समोर काय बघणार? खांदा. आणि मागणार काय? खांदा. आणि कायद्यानं त्याला द्यावा लागणार. मग थोरल्याच्या घासाला काय उरणार? हाड.

गोमीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. लपवायला जागा नाही. हरबाच्या पावलांनी कुंपण हलायला लागलं. मग तिनं विचार केला नाही. पानांसकट खांदा गुंडाळला, वेलीनं करकचून बांधला आणि दिला खड्ड्यात टाकून, त्या लाल दगडांवर. वर उरलेला पाला, वर आणखी पानं, वर ओली माती. दोन्ही हातांनी थापून थापून सपाट केली. एक फट ठेवली नाही. कुठून वाफ आली असती तर हरबाच्या नाकानं ती पकडलीच असती. आणि मातीचा ओला डाग दिसू नये म्हणून ती स्वतः त्याच्यावर मांडी घालून बसली.

हरबा आत आला. "काय अक्का, बसलीस?"

"बसले," गोमी म्हणाली.

हरबानं नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. केसांचा वास होता, धुराचा होता, लांबून कातळाजवळच्या जाळाचा होता. पण बहिणीच्या घरात मांसाचा वास म्हणून नाही. तो घाबरला. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. त्यानं बोटानं नाकपुड्या साफ करून पाहिल्या. "अक्का, माजं नाक गेलं काय गं?"

"सर्दी असंल," गोमी म्हणाली.

"पानी तरी दे."

आता आली पंचाईत. भाऊ दारात येतो, पाणी मागतो, आणि बहीण उठत नाही. असं कधी कुठं ऐकलंय का? पण उठली की खाली डाग. गोमी बसून राहिली. हरबाचं तोंड उतरलं. "अक्का, म्या काय केलं? बोल की. रागावलीस?"

गोमी काय बोलणार! खालची माती आता नुसती कोमट राहिली नव्हती. थंडीत आगटीजवळ बसल्यासारखं सुरुवातीला बरं वाटलं होतं. आता ते बरं वाटणं वाढत चाललं होतं.

तेवढ्यात ढवळूबाबा काठी टेकत झोपडीतून बाहेर आला. त्यानं गोमीकडे बघितलं. तिच्या बसण्याकडे बघितलं. जाळाचा खड्डा दिसेना हे बघितलं, आणि जिथं खांदा होता ती रिकामी जागा बघितली. मग मुकाट्यानं आत गेला, करवंटीत पाणी घेऊन आला आणि स्वतःच्या हातानं हरबाला दिलं. गावाच्या थोरल्यानं सुनेच्या भावाला पाणी दिलं! हरबा संकोचून उभा राहिला.

"बस रे. तिचा पाय मुरगळलाय. वैदूनं सांगितलंय, हलायचं न्हाई."

"मग वाढायचं कुनी?"

"ती उठली की तीच वाढंल. तवर एक गोष्ट ऐक. म्या वाघ कसा बुडवला ती."

असं म्हणतात की ती गोष्ट तोवर कधीच एवढी लांबली नव्हती. वाघ नदीत शिरायच्या आधी तीन डोंगर चढला. प्रत्येक डोंगरावर थांबला. वाघानं विचार काय केला, तो बाबानं सांगितला. वाघाच्या आईचं माहेर कुठलं, तेही सांगितलं. हरबाला उठायचं होतं, पण थोरला बोलत असताना उठणार कसं? आणि बहिणीच्या घरी न खाता कातळावर जाऊन दुसऱ्याच्या हातचं खायचं, म्हणजे माहेराची लाज. तोही बसला.

आणि गोमी! माती तापत चालली होती. ती एकदा डाव्या बाजूला कलायची, एकदा उजव्या. मांडी सोडून उकिडवी बसली, ते पायांना जास्त लागलं, म्हणून परत मांडी घातली. साडीचा घोळ खाली सारला, जेवढा होता तेवढा. कपाळावरून घाम ओघळायला लागला. चेहरा लाल झाला. एकदा तर आपोआप अर्धी उठली, आणि हरबा म्हणाला, "वाढतीस का?" तशी धाडकन खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं.

"रडतीस का अक्का?"

"माहेरची आठवण आली."

"म्या समोरच बसलोय की."

"म्हनूनच," गोमी दात आवळून म्हणाली.

बाबाचा वाघ अजून नदीत उतरत नव्हता. गोमीच्या मनात आलं, ह्या म्हाताऱ्यासाठी मी इथं पोळतेय आणि ह्याला गप्पा सुचताहेत! वाघाऐवजी आपणच ह्याला बुडवावं असं तिला वाटलं. खरं सांगतो, वाटलं.

ऊन फिरलं. उंबराची सावली कातळाकडे सरकायला लागली. जाळाजवळ मांस भाजून तयार होतं, माणसं उपाशी होती, आणि केरूचा धीर सुटला. सगळं गाव घेऊन तो बाबाच्या अंगणात आला. बघतो तर जाळाचा पत्ता नाही, सून बसलेली, पाहुणा बसलेला, आणि म्हातारा गोष्ट सांगतोय.

"खांदा कुटं हाय?" केरू ओरडला. मग त्याचं लक्ष हरबाच्या आकाराकडे गेलं. "पावन्यानं खाल्ला!"

"म्या?" हरबा कळवळला. "मला पान्याशिवाय काय मिळालं न्हाई! माज्या सख्ख्या बहिनीनं मला उपाशी ठेवलंय, आनि वर हा आळ!"

"बाबा, सावली बगा," केरू म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. त्यालाही ते बोलताना जड जात होतं. "हातभर ऱ्हायली. घास न्हाई तर धोंडा उभा करावा लागंल."

वाघू खाली मान घालून उभा होता. बाबानं काठी टेकली आणि तो उठला. गोमीजवळ गेला. वाघ बुडायचा राहिलाच.

"ऊठ गोमे," तो म्हणाला. आणि मग खाली वाकून, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं, "पोळलं का गं?"

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं! गोमीनं वर बघितलं. तिला रडू आलं आणि हसूही आलं. "न्हाई मामा," ती म्हणाली. "ऊब होती."

ती उठली. म्हणजे आधी रांगली, मग उठली. काठीनं माती उकरली, आणि जी वाफ आली म्हणता! असं म्हणतात की ती वाफ सात डोंगर ओलांडून गेली. रानातला वाघ वेशीवर येऊन शेपूट पायाभोवती गुंडाळून शहाण्यासारखा बसला. डोंगरावर एक साधू कंदमुळं खाऊन राहत होता, तो म्हणे पाणवठ्यावर येऊन विचारायला लागला, हे कोणतं फळ पिकलंय. आणि हरबा? हरबा नाक धरून खाली बसला आणि म्हणाला, "आलं! परत आलं माजं नाक!"

गोमीनं पानं सोडली. खांद्याला हात लावला तर हाड हातात आलं आणि मांस पानातच राहिलं. लोण्यासारखं. तिनं मुठीएवढा सबंध तुकडा उचलून बाबाच्या हातावर ठेवला. बाबानं तोंडात घातला.

गावानं लांब श्वास घेतला. ज्यानं त्यानं आपापली जागा बघितली. कुणी भिंतीला टेकलं, कुणी पोराला मांडीवर घेतलं. केरूनं तर डोक्याखाली हात घेऊन आडवं व्हायला सुरुवात केली होती.

"झालं," बाबा म्हणाला.

केरू अर्धा आडवा, तसाच राहिला. "काय झालं?"

"घास झाला."

"कुटं गेला?"

"तुमी सगळे धाडता तितंच गेला."

कुणाला खरं वाटेना. केरूनं बाबाच्या तोंडात डोकावून बघितलं. जिभेखाली बघितलं. आजूबाजूची माती चाचपली, म्हाताऱ्यानं थुंकला तर नाही? पानाखाली बघितलं. मग म्हणाला, "म्या नीट बगितलं न्हाई. आनखी एक घास घ्या."

बाबानं आणखी एक घेतला. तोही गेला. केरूनं या वेळी पापणी हलवली नव्हती, पण मागच्यांना दिसलं नाही म्हणून ते ओरडले, आमच्यासमोर घ्या. बाबानं तिकडे तोंड करून तिसरा घेतला. मग डाव्या बाजूच्या बायकांना खात्री हवी होती. म्हातारा कुणालाही नाही म्हणाला नाही. गावाची खात्री पटेपर्यंत अर्धा खांदा संपला होता, आणि उंबराची सावली अजून कातळाला टेकायची होती.

मग गोमीला भावाची आठवण झाली. ती त्याच्यासमोर गेली. गोमी कधी कुणापुढे वाकायची नाही, पण आज मान खाली. "हरबा, म्या तुज्यापासनं लपवलं रे. बसले होते ते त्याच्यावरच बसले होते. पाय मुरगळला न्हाई. सर्दी बी न्हाई तुला."

हरबानं तिच्याकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं, मग बाबाच्या बोळक्या तोंडाकडे. रागवायला त्यानं तोंड उघडलं. गोमीनं त्या उघड्या तोंडात उरलेल्या खांद्याचा एक तुकडा घातला. हरबा गप्प झाला. त्याच्या गालावरून पाणी आलं.

"अक्का," तो शेवटी म्हणाला, "लपवायचंच असंल तर हिथून पुढं असंच लपवीत जा."

त्यानंतर दोन्ही काठांवर मांस मातीखाली शिजायला लागलं. काठीवर भाजलेलं कुणी तोंडात धरेना. बाबाच्या नावानं उभा करायला वेशीवर आणून ठेवलेला धोंडा केरूनं उचलून गोमीच्या अंगणात आणून टाकला, तापवायला कामाला येईल म्हणून. ढवळूबाबा मग इतकी वर्षं जगला की मोजणारेच मरून गेले, असं म्हणतात. जिवंत होता तोवर प्रत्येक पारधीला पहिला घास त्याचाच. आणि तो वाघ शेवटपर्यंत नदीत बुडाला की नाही, हे हरबाला कधीच कळलं नाही.

पुढे गोमी म्हातारी झाली. तिचेही दात गेले. गावात तीच थोरली झाली, आणि तिची सून तिच्यासाठी खड्ड्यावर बसली.

आता पारध राहिली नाही. बंद झाली ते बरंच झालं, रानात डुकरांनाही जगू द्यावं. पण दगडखळीत अजून वर्षातून एकदा, थंडीत, खड्डा खणतात. दगड लाल करतात. करांदे, कोनफळं, वालाच्या शेंगा आणि घरची कोंबडी पानांत गुंडाळून मातीखाली घालतात, आणि गावातली सगळ्यांत नवी सून त्याच्यावर पाट ठेवून बसते. पाट मात्र नंतर आला हो, गोमीला कसला पाट! त्या दिवशी सुनेच्या माहेरून तिच्या भावाला मुद्दाम बोलावतात. तो येतो, पाणी मागतो. सून उठत नाही. मग गावातलं सगळ्यांत म्हातारं माणूस, मग त्याला दोघांनी धरून आणावं लागलं तरी, स्वतःच्या हातानं त्या भावाला पाणी देतं. आणि गोष्ट सांगायला बसतं. कितीही लांबवली तरी कुणी उठत नाही.

उंबराची सावली कातळाकडे सरकली की ते म्हातारं माणूस सुनेजवळ जातं. तिचं नाव काहीही असो, तिला म्हणतं, "ऊठ गोमे." आणि मग वाकून, हळूच विचारतं, "पोळलं का गं?"

आजपर्यंत एकाही सुनेनं हो म्हटलेलं नाही. आणि ती उठली की सगळं गाव, ज्याच्या तोंडात एकही दात उरलेला नाही अशा त्या माणसाच्या पहिल्या घासासाठी थांबतं. फार वेळ थांबावं लागत नाही.